रेनिनचा माग

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डॉक्टर झाले आणि मुंबईत न थांबता पेणला परत आले. सकाळी रामवाडीजवळ एका भाड्याच्या खोलीत माझा दवाखाना चालायचा. दुपारी जेवून मी एसटीने रोह्याला जायचे. तिथे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांना सगळं रोहा डॉक्टरकाका म्हणायचं, म्हणून मीही. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; त्यांचे भाऊ, बहिणी, पुतणे इस्रायलला जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका आणि काकू तेवढे मागे राहिले. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा दवाखाना बंद. बाकीचे दिवस गर्दी इतकी, की हाताखाली कुणीतरी डॉक्टर हवाच होता.

पेणला माझ्याकडे यायचे ते मिठागरांवरचे लोक, पायाला भेगा पडलेले, आणि गणपतीच्या कारखान्यांतले खोकणारे कारागीर. रोह्याला कंपनीतली माणसं, शिफ्टमुळे झोप उडालेली, पोटात जळजळ होणारी. कामाचा कंटाळा नव्हता, पण एक हुरहूर मात्र होती. कॉलेजात मला शरीरक्रियेचा विषय वेड्यासारखा आवडायचा. मूत्रपिंडावरचं प्रकरण तर मी परीक्षा संपल्यावरही वाचत बसायचे. आता आयुष्यभर मलम आणि खोकल्याचं औषध देत बसायचं की काय, असं एसटीच्या खिडकीशी बसून कितीदा वाटायचं.

मग एका दुपारी ती आली.

बावीस-तेवीस वर्षांची, शेलाटी, बोलताना कपाळावर हात धरणारी. सोबत सासू. नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होता आणि दुपारच्या शिफ्टला गेला होता. डोकं दुखतं, सकाळी उठलं की डोळ्यांपुढे धुरकट दिसतं, एवढंच ती म्हणाली. मी दाब मोजायला पट्टा बांधला. पारा दोनशेच्या वर उभा राहिला आणि खाली यायला तयार होईना. मी दुसऱ्या हातावर मोजलं. तेच.

"औषध घेतेस?"

"घेते ना. दोन डॉक्टर झाले. गोळ्या वाढतात, दाब उतरत नाय."

सासूबाई म्हणाल्या, "मागल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोर गेलं हिचं. तवाच कळलं, दाब हाय म्हनून. मिठागरातली मुलगी, डॉक्टर. जन्मापासून मीठच अंगात भरलंय, दुसरं काय."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तिचं माहेर पेणच्या खाडीकडचं, वडील आणि भाऊ मिठागरावर काम करणारे. हे मला कळलं त्याच आठवड्यात, कारण तिची आई माझ्या पेणच्या दवाखान्यात येऊन बसली. लेकीने तिला सांगितलं होतं, नवी डॉक्टरीण पेणचीच आहे म्हणून.

"बाय, तुमी रोह्यालाबी बसता व्हय? माझ्या पोरीला बघितलंत ना? तिला कंपनीचा धूर लागलाय. आमच्याकडं व्हती तवर एक दिवस डोकं दुखलं नाय तिचं."

"लग्नाआधी कधी दाब मोजला होता?"

"नाय. कशाला मोजायचा? धडधाकट व्हती."

म्हणजे सासर म्हणत होतं, माहेरच्या मिठाने झालं. माहेर म्हणत होतं, सासरच्या धुराने झालं. मधल्या मधे ती मुलगी अळणी भाजी आणि कोरडी भाकरी खाऊन वाळत चालली होती, आणि पारा जागचा हलत नव्हता.

रोह्याहून परतीच्या एसटीत गडब गावाच्या आसपास मला आमच्या मेडिसिनच्या सरांचं वाक्य आठवलं. इतक्या लहान वयात इतका दाब दिसला तर गोळी लिहायच्या आधी कारण शोधा, आणि पोटाला स्टेथोस्कोप लावायला विसरू नका. मी तोवर कुणाच्याच पोटाला त्यासाठी स्टेथोस्कोप लावला नव्हता. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी तिला आडवं झोपवलं, पंखा बंद केला, दार लोटलं आणि सासूबाईंना म्हटलं, "जरा वेळ बोलू नका हं."

बेंबीच्या वर, थोडं उजवीकडे. आधी आतड्यांची गुरगुर. मग बाहेर रिक्षा गेली. मी श्वास धरून ऐकत राहिले, आणि ती गुरगुर थांबल्यावर मागून एक बारीक आवाज आला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूंऽ, सूंऽ. खारजमिनीच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी असते, तिची फळी अर्धवट उघडली की भरतीचं पाणी त्या फटीतून जसं घुसतं, तसा. मी स्टेथोस्कोप उचलला, परत ठेवला. आवाज होता. डावीकडे नव्हता, उजवीकडे होता.

मी धावत काकांच्या खोलीत गेले. ते एका म्हाताऱ्याचा गुडघा तपासत होते. "काका, लगेच या," म्हटलं. ते आले, वाकले, बराच वेळ ऐकलं. मग सरळ उभे राहिले.

"मला काही ऐकू येत नाही."

माझा चेहरा पडला असणार.

"माझे कान साठीचे झालेत, बारीक आवाज गेले आता," ते म्हणाले. "तुला येतोय ना? नक्की?"

"नक्की."

"मग आहे तो. पुढे काय करायचं ते सांग."

अजूनही मला वाटतं, त्या एका वाक्याने मला डॉक्टर केलं.

काय असू शकतं, ते मी त्यांच्या टेबलावर कागदावर काढून दाखवलं, आणि काढता काढता माझं मलाच ते उलगडत गेलं. मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त आणून देणारी एक केसाहून बारीक वाहिनी असते, आणि तिच्या भिंतीत, अगदी गाळणीच्या तोंडाशी, मूठभर पेशी बसलेल्या असतात. येणाऱ्या रक्ताचा दाब कमी झाला की त्या रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. त्यातून पुढची साखळी सुरू होते. अंगभर वाहिन्या आवळल्या जातात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि दाब वर येतो. रक्तस्राव झाला, जुलाबाने माणूस सुकला, तर याच पेशी त्याला वाचवतात. पण समजा, एकाच मूत्रपिंडाकडे जाणारी मोठी धमनी कुठेतरी अरुंद झाली. मग त्या मूत्रपिंडाला रक्त कमी मिळणार. त्याला वाटणार, सगळ्या शरीरातच दाब पडलाय. ते रेनिन सोडत राहणार, बाकीच्या अंगात पारा दोनशेवर गेला तरी.

"म्हणजे खोटी खबर," काका म्हणाले.

"त्याच्यापुरती ती खरीच आहे, काका. त्याच्यापर्यंत रक्त पोचतच नाहीये."

त्या वेळी ही साखळी मधेच तोडणारी एक गोळी मिळायला लागली होती. औषध कंपनीच्या माणसाने काकांना तिचे नमुने दिलेले होते, ते कपाटात तसेच पडले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बोलावून दवाखान्यातल्या खाटेवर निजवलं, सलाइनची तयारी ठेवली आणि त्यातली अर्धी गोळी दिली. मी थोड्या थोड्या वेळाने दाब मोजत होते. काका दारात उभे राहून पेशंटना थांबवत होते. पहिल्यांदा काही फरक नाही. मग पारा थोडा उतरला. मग चांगलाच उतरला. महिनोन् महिने कुठल्या गोळीला दाद न देणारा दाब त्या अर्ध्या गोळीने खाली आणला होता. मी आकडा मोठ्याने वाचला.

ती खाटेवरून म्हणाली, "डोकं हलकं झालं, ताई. किती दिवसांनी."

काकूंनी आतून चहा पाठवला. काकांनी बशीत ओतून एका घोटात संपवला आणि म्हणाले, "रेनिनच आहे. चल, फोटो काढायला पाठवू."

पनवेलला सोनोग्राफी झाली. डावं मूत्रपिंड छान, उजवं त्याच्या निम्म्याएवढं. रंग टोचून काढलेल्या एक्स-रेत उजव्या बाजूला रंग उशिरा आणि अगदी पुसट आला. ते फोटो उजेडाला धरून मी इतक्या वेळा पाहिले, की काकू म्हणाल्या, "पुरे आता, फोटोला भोक पडेल."

मग सगळ्यांना समजवायची वेळ आली. मी दोन्ही घरच्यांना पेणला बोलावलं. माझ्या एवढ्याशा खोलीत ती, तिचा नवरा, सासू, आई आणि वडील असे दाटीवाटीने बसले. नवरा रात्रपाळी करून तसाच आला होता. मी सांगितलं, उजव्या मूत्रपिंडाची धमनी आवळली गेलीय. ती मिठाने आवळलेली नाही आणि धुरानेही नाही. तरुण बायकांत कधी कधी धमनीची भिंतच आतून जाड होते, का होते ते नीट कुणालाच माहीत नाही.

मग तिची आई विहिणीला म्हणाली, "ऐकलंत? तुमचा धूरबी नाय, आमचं मीठबी नाय."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या आणि थोडं सरकून त्यांनी विहिणीला बाकावर जागा करून दिली.

नवऱ्याने विचारलं, "त्या गोळीनं उतरतोय ना दाब? मग तीच चालू ठेवली तर?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "ठेवता येईल. पण ती गोळी पोटातल्या बाळाला घातक असते. ती चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मुंबईला जाऊ या."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला दाखल केलं. मी जमेल तेव्हा जाऊन येत होते. धमनीत रंग सोडून चित्र घेतलं, तेव्हा उजव्या धमनीत सुतळीएवढीही वाट उरली नव्हती. दोन्ही मूत्रपिंडांतून निघणाऱ्या शिरांतलं रक्त वेगवेगळं तपासलं. उजव्या बाजूच्या रक्तात रेनिन भरपूर, डाव्या बाजूच्या रक्तात जवळजवळ नाहीच. डावं मूत्रपिंड पुऱ्या दाबाचं रक्त पाहून केव्हाच गप्प झालं होतं. डॉक्टरांनी फुगा घालून धमनी उघडायचा प्रयत्न केला, पण तार पुढे सरकेना. तोवर उजवं मूत्रपिंड गाळायचं काम जवळपास सोडून बसलं होतं. नुसतं रेनिन तेवढं बनवत होतं. ते काढून टाकायचं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी पेणलाच होते, पेशंट बघत. दुपारी एसटीडी बूथवरून वॉर्डात फोन लावला तेव्हा नवऱ्याने सांगितलं, झालं, शुद्धीवर आलीय. मी बूथवाल्याला पैसे द्यायलाही विसरले, त्याने हाक मारून परत बोलावलं.

त्या इस्पितळात पॅथॉलॉजीला माझी वर्गमैत्रीण शिकत होती. काढलेलं मूत्रपिंड तिच्याच विभागात गेलं होतं. थोड्या दिवसांनी तिचा निरोप आला, "मूत्रपिंडाच्या पातळ कापांच्या काचा तयार आहेत. वेगळा रंग देऊन ठेवलाय. येऊन बघ, नाहीतर आयुष्यभर पस्तावशील."

मी पहिली गाडी पकडली.

तिने सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली आणि मला खुर्ची दिली. "ही गाळणी दिसतेय? तिच्या तोंडाशी येणारी वाहिनी पकड. आता वाहिनीच्या भिंतीवरून मागे मागे जा."

गाळणीच्या तोंडाशी जांभळ्या दाण्यांनी ठासून भरलेल्या गुबगुबीत पेशी होत्या. पुस्तकात तिथे दोन-चार दाखवतात, इथे दाटी होती. मी भिंतीवरून मागे सरकत गेले. पुस्तकाप्रमाणे आता फक्त स्नायूच्या पेशी लागायला हव्या होत्या, लांबट, चिंचोळ्या, वाहिनीला मिठी मारून बसलेल्या. पण जांभळे दाणे संपेचनात. वाहिनीच्या कितीतरी लांबीपर्यंत त्या गुबगुबीत पेशी होत्या. आणि त्या जिथे संपत होत्या तिथे एक पेशी होती, ती मला आजही डोळे मिटले की दिसते. एका टोकाला निमुळती, स्नायूसारखी. दुसऱ्या टोकाला फुगलेली, आणि त्या फुगीर भागात चिमूटभर जांभळे दाणे.

"ही कोण?" मी विचारलं.

"तूच सांग."

"अर्धी स्नायू आहे. अर्धी ग्रंथी."

"स्नायूचीच होती," मैत्रीण म्हणाली. "वाहिनी आवळायची, सैल सोडायची, एवढंच काम. मागणी वाढली आणि तिथल्या नेहमीच्या पेशी पुऱ्या पडेनात, तेव्हा शेजारच्या स्नायूपेशी हे काम करायला लागल्या. आवळायचे धागे कमी केले, दाणे बनवायला घेतले. आमचे सर म्हणतात, गरज संपली की त्या परत स्नायू होतात."

मी डोळा उचलला नाही. कॉलेजात आम्ही शिकलो होतो, पेशी एकदा घडली की घडली. स्नायू तो स्नायू, ग्रंथी ती ग्रंथी. आणि इथे काचेखाली एक पेशी बदलता बदलता पकडली गेली होती. एका सूं आवाजापासून निघालेला माग इथपर्यंत येऊन पोचला होता. मी इतका वेळ बसून राहिले की मैत्रिणीने डबा माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, "खाताना तरी डोळा काढ."

त्या आनंदात मी वॉर्डात गेले, आणि तिथे मात्र सगळं ठीक नव्हतं. दाब उतरला होता, पण जरा जास्तच. उठून बसलं की तिला गरगरायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आईचा जीव कासावीस झाला होता. "बाय, आधी वर, आता खाली. आता काय राहिलं?"

तिथल्या डॉक्टरांना याची कल्पना होती. त्यांनी सलाइन चालू ठेवलं होतं, आहारात मीठ वाढवलं होतं. डावं मूत्रपिंड इतके महिने गप्प बसलेलं, त्याच्या रेनिनच्या पेशी जवळजवळ रिकाम्या. उजवं निघून गेल्यावर ती जबाबदारी डाव्यावर आली, आणि त्याला जागं व्हायला वेळ लागणार होता. मी आईला तेच सांगितलं.

"जागं व्हईल ना पन?"

"होईल."

माझ्याजवळ पुरावा एवढाच होता, की दोन मजले खाली एका काचेवर मी नुकतीच एक पेशी काम बदलताना पाहिली होती. पण त्या दिवशी मला तेवढा पुरेसा वाटला. आणि तसंच झालं. हळूहळू ती उठून बसायला लागली, मग भिंत धरून चालायला, मग नुसतीच चालायला. घरी आल्यावर माझ्या पेणच्या दवाखान्यात मी तिचा दाब मोजला. माझ्यासारखाच दाब, कुठल्याही गोळीशिवाय. मी पट्टा सोडला आणि परत बांधला, विश्वास बसावा म्हणून. रोह्याला काकांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले, एका पेशंटला म्हणाले, "जरा थांबा," आणि मला घेऊन घरात काकूंकडे गेले. "हिला काहीतरी गोड दे," म्हणाले.

वर्ष-दीड वर्षाने ती पुन्हा दवाखान्यात आली, या वेळी नवऱ्याबरोबर. दिवस गेले होते. पाचवा महिना लागला. आधीचं पोर याच महिन्यात गेलं होतं, म्हणून मी दर आठवड्याला दाब मोजायचे. नवरा शिफ्ट बदलून घेऊन तिला घेऊन यायचा, दारात उभा राहून पाऱ्याकडे बघत बसायचा. पाचवा महिना गेला. सहावा लागला. पारा चढला नाही.

त्याच सुमारास मैत्रिणीने फोनवर मला आणखी एक गोष्ट सांगितली. गर्भातल्या बाळाच्या मूत्रपिंडात रेनिन बनवणाऱ्या पेशी फक्त गाळणीच्या तोंडाशी नसतात, सबंध वाहिनीभर पसरलेल्या असतात. बाळ वाढतं तशा त्या हटत गाळणीच्या तोंडाशी येतात, आणि वाहिनीच्या बाकीच्या भिंतीत स्नायू उरतो. म्हणजे ती अर्धवट पेशी नवं काही शिकत नव्हती, जन्माआधी त्या जागी जे चाललेलं असतं तेच पुन्हा करत होती. हे ऐकून मला राहवेना. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा दाब मोजून झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, कागदावर वाहिनी काढून, टिंबं देऊन. तिने नीट ऐकून घेतलं. मग पोटावर हात ठेवला.

"म्हंजे याच्यात आता तसंच हाय?"

"हो. आत्ता, या घडीला, त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांत, वाहिनीभर."

"दोन्हीत?"

"दोन्हीत."

तिने नवऱ्याला आत बोलावलं. "इकडं या," ती म्हणाली, "ताई काय सांगतायत ते ऐका." आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिने त्याला ती टिंबं पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.